ऐरण आणि अंगठा : प्रस्तावना

रायफलच्या काडतुसात चार वस्तू असतात. पितळेची पुंगळी, तिच्या तोंडात घट्ट बसवलेली गोळी, पोटात भरलेली दारू आणि बुडाशी मधोमध एक चपटी धातूची डबी. ही डबी म्हणजे प्रायमर. मोठ्या आकाराचा रायफल प्रायमर ०.२१० इंच व्यासाचा, म्हणजे साधारण ५.३ मिलिमीटर, लहान आकाराचा ०.१७५ इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटरच्याही किंचित आत. दिवाळीतल्या टिकल्या ज्यांनी दगडाने फोडल्या आहेत, त्यांना याचे काम वेगळे समजावून सांगायला नको. ठोका बसला की पेटायचे, एवढेच ते काम.

डबीच्या आत पाहिले तर एक पातळ कप, त्यात दाबून बसवलेला स्फोटक मिश्रणाचा थर आणि त्यावर पाय वर करून बसलेली इवलीशी ऐरण. चाप ओढला की फायरिंग पिन कपाच्या पाठीला पोचा पाडते, मिश्रण कप आणि ऐरण यांच्यामध्ये चिरडते आणि ज्वाळा पुंगळीच्या बुडातल्या भोकातून दारूपर्यंत पोचते. ऐरणीचे पाय खोबणीच्या तळावर नीट टेकलेले नसतील, तर पिनेचा जोर प्रायमर आत ढकलण्यातच खर्च होतो आणि बार फुसका जातो. उलट प्रायमर बुडाच्या पातळीच्या वर राहिला, तर ज्या आपोआप भरणाऱ्या रायफलींत फायरिंग पिन मोकळी हलते, त्यांत बोल्ट आपटताच बार उडू शकतो. चापाला बोटही न लावता. म्हणून प्रायमर पातळीच्या तीन ते पाच हजारांश इंच खाली बसवायचा, म्हणजे मिलिमीटरचा साधारण दहावा भाग. वर्कशॉपमध्ये ज्याला ‘तीन थाऊ, पाच थाऊ’ म्हणतात तेवढाच हा सगळा मामला, आणि तो पार पाडणारे अवजार कसे निवडावे हा या पुस्तकाचा विषय.

एवढ्याशा कामावर अख्खे पुस्तक का, याचे उत्तर त्या कामाच्या स्वभावात आहे. घरी काडतूस भरण्याच्या बाकी सगळ्या पायऱ्या मोजता येतात. दारू तराजूवर तोलता येते, पुंगळीची लांबी कॅलिपरने घेता येते, गोळी किती खोल गेली तेही तपासता येते. प्रायमर बसवताना मात्र ज्या ठिकाणी काम घडते ते ठिकाण डोळ्यांआड असते. ऐरणीचे पाय तळाला लागले की नाही हे डोकावून पाहायला फट उरत नाही. ते कळते फक्त अवजाराच्या दांड्यातून, हाताला. पुण्यातल्या टूलरूममध्ये उमेदवारी केलेल्या माझ्यासारख्याला ही गोष्ट ओळखीची वाटते: गेज आत जाताना हाताला जे सांगते ते ड्रॉइंगवर लिहिलेले नसते. या पुस्तकाच्या लेखकांनी सगळी अवजारे याच एका प्रश्नाने तपासली आहेत. हे अवजार हाताला काय कळू देते, आणि काय दडवते?

थोडे मागे जाऊ. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वी गावचे पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ यांना पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. चकमकीच्या बंदुकीत चाप ओढल्यावर आधी बाहेर भपका उडे आणि मग बार निघे. तेवढ्यात पक्षी सावध होत. ठोक्याने पेटणारी फल्मिनेटसारखी द्रव्ये रसायनशास्त्रज्ञांना तेव्हा नुकतीच ठाऊक झाली होती. फोर्सिथ यांनी ती बंदुकीला जोडली आणि १८०७ मध्ये पेटंट घेतले. पुढच्या दीड-दोन दशकांत त्याची तांब्याची टोपी झाली. ही टोपी नळीच्या बुडाजवळच्या पोकळ बोंडीवर, म्हणजे निपलवर, बोटांनी बसवायची. आपल्या विषयाचे मूळ तिथे आहे: पहिले प्रायमिंग टूल म्हणजे शिपायाचा अंगठा आणि तर्जनी.

मराठी वाचकाला काडतूस ठाऊक आहे ते १८५७ च्या उठावामुळे. चरबी लावलेल्या कागदी काडतुसाची गोष्ट शाळेतच कानावर पडते. पण ते काडतूस ज्या एन्फील्ड रायफलीचे, तिला बार उडवण्यासाठी तांब्याची टोपी लागे, हे सहसा कोणी सांगत नाही. कागद दातांनी फाडायचा, दारू आणि गोळी नळीत ठासायची आणि शेवटी टोपी बसवायची. कोकणात शेतीच्या रक्षणासाठी परवान्यावर ठेवलेल्या ठासणीच्या बंदुकीत आजही हाच क्रम चालतो. रानडुकरांच्या मागे रात्र काढणाऱ्या शेतकऱ्याला फोर्सिथचे नाव माहीत असायचे कारण नाही, पण दमट हवेत टोपी दगा देते म्हणजे काय हे तो चांगले जाणतो.

१८५७ मध्येच अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीने .२२ व्यासाचे छोटे काडतूस आणले. त्यात वेगळा प्रायमर नाही. मिश्रण पुंगळीच्या पोकळ काठातच भरलेले असते. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचे कांस्यपदक मिळवले ते याच कुळातल्या काडतुसावर. ही पुंगळी एकदा वापरली की संपली. काठ पुन्हा भरता येत नाही. आपल्याकडे रायफल नेमबाजी इतकी लोकप्रिय होत असूनही रिलोडिंग, म्हणजे वापरलेली पुंगळी पुन्हा भरणे, हा शब्द अनोळखी राहिला, त्याचे एक कारण हे. दुसरे कारण कायद्याचे आहे, त्याकडे पुढे येतो.

पुन्हा भरता येणारी पुंगळी घडली ती १८६६ मध्ये, आणि तीही दोन प्रकारांनी. अमेरिकेच्या हायरम बर्डन यांनी ऐरण पुंगळीचाच भाग केली. खोबणीच्या तळाशी मध्यभागी उंचवटा आणि त्याच्या दोन बाजूंना दोन बारीक भोके. इंग्लंडमधल्या वुलिचच्या सरकारी प्रयोगशाळेतील एडवर्ड बॉक्सर यांनी ऐरण प्रायमरच्या पोटात घातली. पुंगळीला मधोमध एकच भोक उरले. पुढे गंमत अशी झाली की इंग्रजाची पद्धत अमेरिकेने उचलली आणि अमेरिकनाची पद्धत युरोपातल्या लष्करांनी. घरी काडतूस भरण्याचा छंद अमेरिकेत फोफावला याचे निम्मे श्रेय मी या अदलाबदलीला देतो. बॉक्सर पुंगळीत वरून एक सरळ सळई घातली की मधल्या भोकातून वापरलेला प्रायमर खाली पडतो. बर्डन पुंगळीत सळई ऐरणीवर आपटते. मग आकड्याने उचकटा, नाहीतर पाण्याच्या दाबाने बाहेर काढा. चिकाटीची काही माणसे हेही करतात. त्यांच्याविषयी मला आदर आहे, हेवा नाही.

याच ठिकाणी पुण्याचा धागा लागतो. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. तिथे बनलेल्या .३०३ काडतुसांच्या बुडावर ‘के एफ’ ही अक्षरे ठोकलेली असतात आणि अशी काडतुसे अमेरिकेतल्या संग्राहकांकडे आजही दिसतात. एखादा मराठी माणूस ओहायोतल्या गन शोमध्ये ती अक्षरे ओळखून हरखतो आणि पुंगळीत डोकावल्यावर दोन भोके पाहून परत ठेवतो. .३०३ चे ब्रिटिश लष्करी काडतूस बर्डन पद्धतीचे.

रसायनांचा इतिहास मी इथे आवरता घेतो, कारण लेखकांनी तो चांगला मांडला आहे. फक्त एक सांगून ठेवतो. जुन्या मिश्रणातला पारा पितळ ठिसूळ करी आणि पोटॅशियम क्लोरेटमागे उरणारा क्षार नळीत गंज धरवी. शिसेयुक्त स्टिफनेटची मिश्रणे आली आणि पुंगळी अनेकदा वापरणे खऱ्या अर्थाने शक्य झाले. त्याची किंमत म्हणजे शिशाची धूळ. वापरलेले प्रायमर काढताना ती बोटांवर येते, म्हणून काम संपल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय काही खायचे नाही.

अवजारांची कथा सुरू होते ती अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातल्या बायसनच्या शिकाऱ्यांपासून. १८७० च्या दशकात दुकान शेकडो मैल दूर असे. पुंगळ्या जपून ठेवायच्या आणि रात्री शेकोटीपाशी पुन्हा भरायच्या, हा त्यांचा रिवाज. पुढे न्यू हेवनच्या जॉन बार्लो यांच्या आयडियल कंपनीने सांडशीसारखे एकच अवजार काढले. त्यात प्रायमर काढणे, बसवणे, गोळी बसवणे सगळेच होई. आयडियल पुढे १९२५ मध्ये लायमनकडे गेली आणि तिची पुस्तिका लायमनच्या नावाने चालू राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराची उरलेली दारू स्वस्तात बाजारात आली. कॅन्ससच्या ब्रूस हॉजडन यांनी ती विकायला घेतली आणि युद्धावरून परतलेल्या तरुणांच्या गॅरेजांत प्रेस दिसू लागले. कॅलिफोर्नियात ओरोव्हिलच्या फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ मध्ये सुरू केलेली आरसीबीएस याच लाटेवर मोठी झाली. विस्कॉन्सिनच्या रिचर्ड ली यांनी तर प्रेसचीही गरज ठेवली नाही. त्यांच्या ली लोडरमध्ये प्रायमर हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी बसवायचा. प्रायमर पेटतो तो ठोक्यानेच, हे आठवले की या पद्धतीचे धाडस कळते. ती चालते, पण अधूनमधून एखादा प्रायमर जागच्या जागी फुटतो आणि घरातली माणसे धावत येतात.

आज जी अवजारे मिळतात त्यांचे तीन पंथ मानता येतील.

पहिला पंथ प्रेसवाल्यांचा. पुंगळीला आकार देणारा जो मोठा प्रेस, त्याच्याच दांड्याच्या परतीच्या हेलकाव्यात प्रायमरही बसवायचा. वेगळे अवजार नको, वेगळी पायरी नको. डिलनसारख्या प्रोग्रेसिव्ह प्रेसवर तर दांडा एकदा खाली-वर झाला की एक काडतूस तयार. पण पितळ दाबण्यासाठी घडवलेल्या त्या दांड्याची ताकद इतकी असते की तिच्यात प्रायमरची कुजबुज ऐकू येत नाही. फॉर्स्टरच्या को-ॲक्ससारखे काही प्रेस प्रायमर ठरावीक खोलीवर थांबवतात, हा अपवाद.

दुसरा पंथ हातातल्या अवजाराचा. मुठीत धरायचे, पुंगळीचे बूड शेल होल्डरमध्ये सरकवायचे आणि अंगठ्याने किंवा चार बोटांनी पट्टी दाबायची. ली, आरसीबीएस, फ्रँकफर्ड आर्सेनल यांची अवजारे या कुळातली. त्यांच्या तबकडीत प्रायमर ओतून हलवले की ते उताणे होतात आणि एकेक करून पुढे येतात. रायफल टेबलावर टेकवून अचूकता साधणाऱ्या बेंचरेस्ट नेमबाजांसाठी के अँड एम, ट्वेंटी फर्स्ट सेंच्युरी यांच्यासारख्यांनी एका वेळी एकच प्रायमर घेणारी, नाजूक चालीची अवजारे काढली आहेत. इथे पुंगळी बोलते. खोबणीच्या तोंडाशी प्रायमर अडतो, मग सारख्या विरोधाने सरकतो, मग पाय टेकल्याचा कठीण ठेका लागतो.

तिसरा पंथ टेबलावर बसवलेल्या, फक्त याच कामाच्या अवजाराचा. दांडा मध्यम लांबीचा, त्यामुळे जोर पुरेसा आणि स्पर्शही शाबूत. गेल्या काही वर्षांत यात प्रायमल राइट्ससारख्यांची महागडी, किती खोल जायचे ते आकड्याने लावता येणारी यंत्रे आली आणि जुन्या वादाला नवे तोंड फुटले. हा वाद या पुस्तकाचा गाभा असल्याने त्यावर थोडे रेंगाळतो.

खोलीवाले म्हणतात, अंगठा थकतो. पहिल्या पुंगळीला लावलेला जोर आणि दोनशेव्या पुंगळीला लावलेला जोर एक नसतो. यंत्राचा खटका मात्र तोच राहतो. ऐरणीचे पाय टेकल्यानंतर आणखी दोन-तीन थाऊ दाबले की मिश्रणावर हलका ताण येतो आणि प्रज्वलन एकसारखे होते, हे त्यांचे गणित. स्पर्शवाले म्हणतात, ठीक, पण खोली कुठून मोजता? शेल होल्डरपासून. म्हणजे पुंगळीच्या काठाची जाडी बदलली की तुमची खोली बदलली. खोबणीचा तळ प्रत्येक पुंगळीत थोडा वरखाली, प्रायमरची उंचीही थोडी कमीजास्त. खटका तोच राहिला तरी ऐरणीवरचा ताण वेगळाच पडणार. त्यावर खोलीवाल्यांचे उत्तर असे, की मग आधी सगळ्या खोबणी कटर फिरवून एका खोलीच्या करा आणि पुंगळ्या काठाच्या जाडीप्रमाणे निवडा. म्हणजे अवजाराचा प्रश्न सुटला तो दुसरे अवजार विकत घेऊन.

माझा कल सांगतो. शंभर-दोनशे यार्डांवर हरणाची शिकार करणाऱ्याला यातला फरक कधीच दिसणार नाही. त्याला प्रायमर खाली बसला आहे आणि दर वेळी पेटतो आहे एवढे पुरे. कॅम्प पेरीसारख्या नेमबाजीच्या मैदानावर हजार यार्डांपर्यंत नेम धरणाऱ्याला मात्र गोळीच्या वेगातला थोडासा चढउतार लक्ष्यावर वर-खाली काही इंच होऊन भेटतो, आणि प्रायमर हे त्या चढउताराचे एक कारण असते. एक, सगळे नव्हे. दारूच्या मापात किंवा पुंगळीच्या मानेच्या पकडीत घोळ असेल, तर कितीही डॉलरचे प्रायमिंग टूल तो घोळ निस्तरत नाही.

शिवाय चांगल्या अवजाराचे एक काम आहे ज्याबद्दल जाहिरातीत अवाक्षर नसते. प्रायमर बसवताना दर पुंगळीची तपासणी आपोआप होत असते. एखादा प्रायमर विरोध न करता लोण्यासारखा आत गेला, तर ती खोबण सैल झाली आहे. पुंगळी बाद करायची. नवीनच पुंगळ्यांत हे लवकर घडू लागले, तर भरलेल्या काडतुसांचा दाब जास्त आहे, आणि ही सूचना रायफलीकडून मिळण्याआधी हातात मिळालेली बरी. उलट प्रायमर तोंडाशीच अडला, तर बहुधा पुंगळी लष्करी आहे आणि कारखान्यात प्रायमरभोवती दाबलेली कड अजून तशीच आहे. ती कड काढायची असते, जोर लावायचा नसतो. मोठ्या दांड्याच्या प्रेसवर या तिन्ही गोष्टी सारख्याच लागतात, म्हणजे लागतच नाहीत.

सुरक्षिततेचा विचारही अवजाराच्या निवडीतच दडलेला आहे, आणि बरेच मार्गदर्शक तो शेवटी चौकटीत टाकून मोकळे होतात. प्रायमर एकटा फुटला तर दचकायला होते. शंभर एकत्र फुटले तर तो अपघात असतो. कारखान्याच्या खोक्यात प्रत्येक प्रायमर वेगळ्या कप्प्यात ठेवतात ते याचसाठी. ते काढून तबकडीत किंवा उभ्या नळीत एकावर एक ओतले की ती खबरदारी आपण आपल्या हाताने काढून टाकतो. म्हणून कोणतेही अवजार घेण्यापूर्वी पाहायचे, की दाबला जाणारा प्रायमर आणि मागे वाट पाहणारे प्रायमर यांच्यामध्ये काय आहे. पडदा आहे की नुसती हवा? जुन्या काही अवजारांच्या माहितीपत्रकांत ठरावीक कंपन्यांचेच प्रायमर वापरण्याची ताकीद असे, तिचा उगमही इथलाच. चष्मा लावायचाच. उरलेले प्रायमर मूळ खोक्यात परत. बरणीत कधीही नाही. अमेरिकेतली एनएफपीए ४९५ ही नियमावली घरात जास्तीत जास्त १०,००० प्रायमर ठेवू देते. भरलेल्या काडतुसात वर राहिलेला प्रायमर पुन्हा दाबून बसवण्याचा मोह ज्याला होईल, त्याने हा छंद सोडून बागकाम करावे.

हे पुस्तक आत्ताच का यावे, यालाही कारण आहे. पुंगळी पुन्हा वापरता येते, गोळी घरी ओतता येते. प्रायमर घरी बनवण्याची गोष्ट नव्हे, आणि कोणी बनवूही नये. अमेरिकेत तो बनवणारी मोठी नावे चारच: सीसीआय, फेडरल, रेमिंग्टन आणि विंचेस्टर. २०२० मध्ये मागणी उसळली, त्याच वर्षी रेमिंग्टनचे दिवाळे निघाले आणि तिचा काडतूस कारखाना व्हिस्टा आउटडोअरने घेतला. सीसीआय आणि फेडरल आधीच त्यांच्याकडे होत्या. २०२४ अखेर हा सगळा व्यवसाय चेकोस्लोव्हाक ग्रुपकडे गेला. २०२० च्या मागणीने आणलेल्या टंचाईत दुकानात जो मिळेल तो प्रायमर लोकांनी घेतला. कोणाचा कप जाड, कोणाची उंची किंचित वेगळी; एकाच ब्रँडवर वर्षानुवर्षे बसलेली अवजाराची घडी विस्कटली. पूर्वी वेडावाकडा बसलेला प्रायमर लोक सहज टाकून देत, आता हळहळतात. अवजाराकडे लक्ष गेले ते या हळहळीतून.

आता कायदा. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतूस भरायला केंद्रीय परवाना लागत नाही. विकण्यासाठी भरायचे तर लागतो. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणे हा गुन्हा आहे, मग नेमबाजाकडे रायफलीचा परवाना असो वा नसो. तेव्हा हे पुस्तक भारतातल्या वाचकाने करून पाहण्यासाठी नाही, समजून घेण्यासाठी वाचावे. ते लिहिले गेले आहे मुख्यतः अमेरिकेतल्या मराठी माणसांसाठी, जी शनिवार-रविवारी रेंजवर जातात आणि इंग्रजी मार्गदर्शकांचा ढीग वाचूनही कोणते अवजार घ्यावे या प्रश्नापाशी अडतात. लेखकांनी त्यांना क्रमवारी लावून दिलेली नाही, विजेता जाहीर केलेला नाही. अवजार उघडून त्याची चाल कशी चालते, जोर कुठून कुठे जातो, झीज कुठे होते हे त्यांनी दाखवले आहे. मॉडेल बंद होतात, नवी येतात. दांडा, पिन आणि शेल होल्डर तेच राहतात.

एका मुद्द्यावर मात्र आमचे जमले नाही. नवख्याने टेबलावरचे अवजार घ्यावे असे लेखकांचे मत आहे: ते हलत नाही, प्रायमर तळहातापासून लांब राहतात, बोटे दुखत नाहीत. मला वाटते सुरुवात एका वेळी एकच प्रायमर घेणाऱ्या, हातातल्या साध्या अवजाराने करावी. वेग कमी, म्हणून लक्ष जास्त. आणि फुटलाच तर एकच फुटणार. त्यांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले, हस्तलिखितात काना-मात्राही बदलली नाही, आणि ते इथे लिहायला मला मोकळीक दिली. वाचकाने आपल्या क्लबात ही दोन्ही अवजारे कोणाकडून तरी मागून घ्यावीत, एकाच बनावटीच्या वीस-वीस पुंगळ्यांवर चालवून पाहावीत, आणि पैसे त्यानंतर खर्च करावेत.